‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये नेमकं कसलं राजकारण आहे?
1905 साली रशियाच्या ‘पोटेमकिन’ युद्धनौकेवर खलाशांनी केलेल्या बंडाला 20 वर्षं झाली म्हणून 1925 ला सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनने हा सिनेमा केला, म्हणजे प्रचार तर आहेच. पण मला विचाराल तर खरं राजकारण खलाशांच्या जेवणासाठीच्या त्या अळ्या पडलेल्या मांसात आहे, समोर अळ्या वळवळतायत आणि डॉक्टर चष्म्याच्या काचेतून बघून म्हणतो मांस चांगलंय, शिकलेला माणूसपण अधिकाऱ्यांच्याच बाजूचा! एकटा हिरो कुणी नाही, बंडाचा पुढारी खलाशी वाकुलिंचुक लवकर मरतो, मग गर्दीच हिरो. ओडेसा या बंदराच्या शहरातल्या पायऱ्यांवर लोकांवर गोळ्या झाडणाऱ्या सैनिकांचे नुसते बूट न् बंदुका दिसतात, चेहरे मात्र मरणाऱ्यांचे, आयांचे. आणि हो, गर्दीत ज्यूंविरुद्ध ओरडणाऱ्याला लोकच बडवतात, तो सीन नक्की बघा, फार महत्त्वाचा आहे.