पाना-पक्कड : घाटात रुसणारी पद्मिनी, पावसातली ॲम्बॅसॅडर आणि वाढत जाणारं ऑइल

मृग तोंडावर आलाय. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांची पत्रंही त्याच धास्तीनं आली आहेत. पण सुरुवात घाटातल्या पत्रानं करू, कारण त्यात शिकण्यासारखं जास्त आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९८३ ची प्रीमियर पद्मिनी आहे. गावात कितीही फिरवा, तक्रार नाही. गोव्याहून येताना साखळी सोडून चोर्ला घाट चढू लागलं की अर्ध्यात आचके देऊन बंद पडते. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. टेंपरेचरचा काटा जागेवर असतो. एका मिस्त्रींनी एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप) बदलला, दुसऱ्यांनी कार्ब्युरेटर धुतला, तिसरे कॉइल बदला म्हणतात. – वाचक, शहापूर (बेळगाव)

आता काहीही बदलू नका. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे लक्षण दोन अगदी वेगळ्या दुखण्यांचं असतं. एकात पेट्रोलची पाइपात किंवा पंपातच वाफ होते. दुसऱ्यात कॉइल किंवा कंडेन्सर तापून ठिणगी मरते. कोणतं ते गॅरेजात कळणार नाही, कारण गॅरेजात येईपर्यंत गाडी गार झालेली असते. गाडी बंद पडल्यावरची पहिली दहा मिनिटंच खरी, म्हणून तपासणी घाटातच करायची. त्यासाठी डिकीत प्लास्टिकच्या मुठीची पक्कड, पाण्याची बाटली, एक जुनं फडकं आणि साधा मल्टिमीटर टाकून ठेवा.

गाडी कडेला घ्या, मागच्या चाकाला दगड लावा. सगळ्यात आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि मग गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. पंप पेट्रोल ओढतो, टाकीत पोकळी होते आणि शेवटी त्याला ओढवत नाही. भोक तारेनं मोकळं करा, बाकी काही लागणार नाही. तीन मिस्त्री होऊनही ही तपासणी राहून गेलेली असू शकते.

आवाज आला नाही तर ठिणगी बघा. हे काम पेट्रोलचा कोणताही पाइप सोडण्याच्या आधीच करायचं, नंतर नाही. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डब्याच्या) मधल्या भोकातली कॉइलची जाड वायर काढा, पकडीनं धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून ६ मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी आली तर इग्निशन ठीक. पिवळी, बारीक, मधेच गायब होणारी आली तर कॉइल-कंडेन्सरकडे वळा.

ठिणगी चांगली असेल तर फडकं भिजवून एसी पंपावर आणि तिथून कार्ब्युरेटरला जाणाऱ्या पाइपवर ठेवा. दोन-तीन मिनिटांत गाडी सुरू झाली की वाफच, शंका नको. पाणी गरम एग्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या नळीवर) ओतू नका, बीड तडकतं.

वाफेवर उपाय असे. पंप ते कार्ब्युरेटर पाइप मॅनिफोल्डपासून किमान २५ मिलिमीटर लांबून वळवून घ्या. कार्ब्युरेटरखाली ५-६ मिलिमीटरचा बेकेलाइटचा स्पेसर आहे का बघा. गॅस्केट बदलताना तो फेकून देणारे पुष्कळ भेटतात. मॅनिफोल्ड आणि पाइपच्या मधे पत्र्याचा आडोसा करा. पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा सल्ला कुणी ना कुणी देईलच. त्यानं गाडीला दांडीवरच्या वाळवणाची कळा येते, वाफ थांबत नाही. इलेक्ट्रिक पंप लावायचाच झाला तर टाकीजवळ लावा आणि २ ते ३ पीएसआय दाबाचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. कार्ब्युरेटरचा निडल व्हॉल्व्ह तो झेलू शकत नाही, पेट्रोल वरून वाहून गरम इंजिनावर पडतं.

ठिणगी मेलेली असेल तर कॉइल हाताला भाजेपर्यंत तापली असतानाच इग्निशन बंद करून तिच्या दोन बारीक टर्मिनलच्या वायरी सोडा आणि मधला रोध मोजा. साधी १२ व्होल्टची कॉइल साधारण ३ ओहम दाखवते. दीड ओहम दाखवत असेल तर ती बॅलास्ट रेझिस्टरवर (करंट कमी करणाऱ्या वेगळ्या रोधावर) चालणारी कॉइल आहे. बॅलास्टशिवाय ती जोडली की दुप्पट करंट घेते, तापते आणि नेमकी चढावर दगा देते. दुकानदार ‘१२ व्होल्टचीच आहे’ म्हणून तीच हातात ठेवतो, तेव्हा मीटर लावूनच घ्या. कंडेन्सर ०.२० ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो आणि स्वस्त असतो. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघड-मीट होणाऱ्या संपर्काची) टोकं निळसर जळून एकीवर खड्डा, दुसरीवर उंचवटा आला असेल तर कंडेन्सर बदलाच.

पॉइंट उघडलेच आहेत तर फटही बघा. पद्मिनीला ०.४० मिलिमीटरच्या जरा वर, ॲम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी इंजिनाला ०.३८. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. इंजिन मग जास्त तापतं, म्हणजे वाफेच्या दुखण्यालाही हातभार लागतो.

प्रश्न : वडिलांची १९६८ ची फियाट आहे. व्हिंटेज नंबर घ्यावा का? – वाचक, चिकोडी

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूप राखलेली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढता येते. तुम्ही ती घेऊन दर आठवड्याला निपाणीला जात असाल तर आहे तो नंबरच रिन्यू करा.

प्रश्न : पेट्रोल जीप आहे. दोन महिन्यांपासून इंजिनातलं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय! डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. – वाचक, येळ्ळूर

जीप सुरू करू नका. पेट्रोलनं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि क्रँककेसमधली वाफ पेट घेऊ शकते.

नव्वद टक्के खात्रीनं सांगतो, एसी पंपाचा डायफ्रॅम फाटलाय. त्याच्या एका बाजूला पेट्रोल असतं, दुसरी बाजू इंजिनाकडे उघडी. पडदा फाटला की पेट्रोल थेट सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथं ओल दिसते का बघा. पंप दोन बोल्ट सोडून काढा, आत येणाऱ्या तोंडावर बोट दाबून दांडा हातानं एकदा हलवा. बोटाला ओढ जाणवली पाहिजे आणि ती दहा-पंधरा सेकंद टिकली पाहिजे. लगेच गेली तर डायफ्रॅम किंवा आतला व्हॉल्व्ह गेला. पंप बरा निघाला तर फ्लोटचा निडल अडकून कार्ब्युरेटर वाहतोय का ते बघा.

हे हल्ली वाढलंय त्याचं कारण पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. ऊस आपल्याच शिवारातला, इथेनॉल आपल्याच कारखान्यांतलं, आणि भोगतोय आपलाच डायफ्रॅम! जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, मग कडक होऊन चिरतं. किट घेताना इथेनॉलला टिकणारं आहे का ते विचारून घ्या. होजवर ‘जे३० आर९’ छापलेलं बघा. नुसतं ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मिळणारी पारदर्शक नळी वर्षभरात काडीसारखी मोडते. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं, त्यामुळे नवीन फिल्टर पहिल्या दोन टाक्यांनंतर पुन्हा बदला. काम झाल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही नवीन, ऑइल २०डब्ल्यू-५०.

त्याच पेट्रोलवर जीप चढाला हुकत असेल, कार्ब्युरेटरमध्ये फटफट करत असेल, तर मिश्रण हलकं पडतंय. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं हवा १४.७ भाग लागते, या पेट्रोलला साधारण साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल सुमारे ९ टक्के जास्त हवं. सोलेक्स कार्ब्युरेटरच्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या स्क्रूवर) भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात कोरलेला असतो. १२० च्या जागी १२५ बसवला की भोकाचं क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढतं, हिशेब जुळतो. जेट तारेनं कोरून मोठा करू नका, परत लहान करता येत नाही. बसवल्यावर दहा किलोमीटर पळवून प्लग काढून बघा. बिस्किटी रंग बरोबर, पांढरा म्हणजे अजून हलकं, काजळी म्हणजे जास्त झालं.

प्रश्न : ॲम्बॅसॅडर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जुन्या तंबाखूच्या वखारीत उभी असते. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करतो, तरी दसऱ्याला बॅटरी मेलेली आणि क्लच चिकटलेला. – वाचक, निपाणी

ती पाच मिनिटंच बंद करा. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, जळणातून झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठतं, आणि सेल्फनं खाल्लेली बॅटरी परत भरतही नाही. एकतर वीस-पंचवीस किलोमीटर पळवा, नाहीतर चार महिने हातच लावू नका.

उभी करण्याआधी ऑइल बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगवर बसून राहतं. टाकी काठोकाठ भरा, म्हणजे ओल्या हवेला जागा उरत नाही. टाकीकडून पंपाला येणारा पाइप सोडून त्याचं तोंड बुजवा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. बॅटरी घरात आणा. ती १२.६ व्होल्टला भरलेली असते, १२.४ च्या खाली गेली की चार्जर लावा. परत जोडताना आधी बॉडीला कोणती वायर जाते ते बघा. जुन्या इंग्रजी घराण्याच्या गाड्यांत प्लस बॉडीला असू शकतो, आणि सवयीनं उलटी जोडली तर डायनॅमो-अल्टरनेटरचं वाटोळं. हँडब्रेक सोडून चाकांना विटा लावा. क्लचचं पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडलच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा, प्लेट चिकटणार नाही. टायरमध्ये ५ पीएसआय जास्त हवा. वर सुती चादर टाका. ताडपत्रीखाली गाडीला घाम फुटतो. सायलेन्सरच्या तोंडाला उंदरांसाठी जाळी बांधा आणि स्टिअरिंगवर ‘जाळी काढ’ अशी चिठ्ठी लावा.

दसऱ्याला चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा. चौथ्या गियरमध्ये गाडी हातानं थोडी ढकलून इंजिन सुटतंय का बघा. मग न्यूट्रल करून, कॉइलची वायर काढून, प्लगशिवायच सेल्फ मारा. ऑइलचा लाल दिवा विझला की प्लग लावा. पहिली दोन मिनिटं निळा धूर येईल, तो त्याच चमच्याचा.

प्रश्न : फियाटचा ब्रेक दोन-तीनदा पंप केल्यावर लागतो. तेल टॉपअप करत असतो. – वाचक, खानापूर

टॉपअप करावं लागतंय म्हणजे तेल कुठंतरी गळतंय. या गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन असते. एका चाकाचं रबर फुटलं की चारही ब्रेक जातात. तेव्हा हे काम उद्यावर नको.

पेडल काय सांगतं ते ओळखा. दोनदा मारल्यावर वर येऊन घट्ट होत असेल तर लाइनर आणि ड्रममधली फट वाढलीय. स्पंजासारखं मऊ लागत असेल तर हवा आहे. पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठं ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचं कप रबर गेलं. फट असेल तर चाक उचलून ॲडजस्टर लाइनर घासेपर्यंत फिरवा, मग चाक मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. पण तुमचं तेल कमी होतंय, म्हणून ड्रम काढून प्रत्येक व्हील सिलिंडरचं रबरी टोपण उचला. खाली ओल असेल तर तोच चोर. आतल्या भिंतीवर नखाला लागणारा खड्डा असेल तर नुसतं रबर बदलून महिनाभर जाईल. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडून स्टीलची स्लीव्ह घालून मूळ मापाला बोअर करून घ्या. नवीन सिलिंडर शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. तेल लागलेले लाइनर धुऊन परत वापरू नका.

रबरं बसवताना हात आणि सिलिंडर ब्रेकच्या तेलानंच धुवा. पेट्रोल, डिझेल किंवा ग्रीसचं बोट लागलं तरी कप फुगतो. तेल डॉट ३ किंवा ४, सीलबंद डब्यातलं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला नळी लावून तिचं दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवा. पेडल दाबलेलं असतानाच निपल उघडा आणि पेडल सोडायच्या आधी बंद करा. दर सहा-सात दाबांनी टाकीतलं तेल बघा. ती एकदा रिकामी झाली की हवा पुन्हा आत, आणि पहिल्या चाकापासून सुरुवात.