नेमबाजी: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल खेळते, प्रॅक्टिस मानकापूरला. मागच्या वर्षी सेकंड हँड मॅच पिस्तूल घेतलं. आता स्कोर अडकलाय, शॉट आठ-नऊत पसरतात. रेंजवरचे एक काका म्हणतात बॅरल (नळी) गेली, जर्मनीहून नवीन मागवा. कोणती घ्यावी?
– एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर: ताई, ऑर्डर देऊ नका अजून. एअर पिस्तुलाची बॅरल अशी सहजासहजी जात नाही हो, त्यात ना बारूद ना आग, शिशाचा मऊ पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटरने जातो, त्याने पोलाद काय झिजणार?

पहिले कोचना सांगून पिस्तूल क्लॅम्पमध्ये नीट पकडून टेस्ट करा. पेलेटच्या डबीवर हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याची जाडी मिमीमध्ये, छापलेली असते, ४.४९, ४.५०, ४.५१ अशी, त्यातल्या तीन-चार साइज आणा आणि प्रत्येकीचे पाच-पाच शॉट मारून बघा. एकाच बॅरलमधून एक साइज सगळी एका भोकात जाते अन् दुसरी पसरते, हा फरक बघितल्याशिवाय पटत नाही. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं आणि पेलेटची कड रेषेला लागली तरी दहा धरतात, म्हणून क्लॅम्पमधून बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सात-आठ मिमीचा ग्रुप (सगळ्या भोकांचा एकत्र पसारा) आला तर बॅरल ठणठणीत आहे, आठ-नऊ येतायत ते ग्रिप (मूठ) नाहीतर ट्रिगरमुळे. मग पैसे तिच्या हाताच्या मापाच्या ग्रिपवर घाला, हे मी अगदी मनापासून सांगतो.

क्लॅम्पमध्येही पसरलं तर बॅरलच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून कानातला कापूस हलकेच फिरवा, धागा कुठे अडकला तर तिथे टवका आहे, हवा एका बाजूने आधी सुटते आणि पेलेटला धक्का बसतो. मागच्या बाजूचं रबर सील बघा, फेल्टने शिसं साफ करा. सेकंड हँड आहे तर हवेच्या सिलेंडरवरची तारीख पण बघून घ्या, मुदत संपली नाही ना ते, आणि मे महिन्यात सिलेंडर उन्हातल्या गाडीत अजिबात ठेवू नका.

एवढं करूनही बदलायचीच असेल तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्या. लोथर वॉल्थर या जर्मन बॅरल कंपनीचं नाव ऐकून लोक भुलतात, बॅरल उत्तमच असतात त्यांच्या, बऱ्याच कंपन्या त्याच वापरतात, पण सील बसायची जागा आणि हवेचं छिद्र मॉडेलप्रमाणे बदलतं, ते जुळलं नाही तर चांगली बॅरलही वाया. बसवल्यावर क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) वेग पुन्हा सेट करून घ्यायचा. मुलीचा हात शेवटच्या सिरीजला (शेवटच्या दहा शॉटना) खाली येत असेल तर मात्र छोट्या बॅरलचा विचार जरूर करा, पुढचं वजन कमी होतं. नियमात पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, म्हणून तेवढं जड पाहिजेच असं नाही.

आणि बॅरलच्या नादात बाकीचे पार्ट विसरू नका. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन मॅचमध्ये बंद पडलं ते कॉकिंग लिव्हरमुळे, म्हणजे शॉटसाठी पिस्तूल तयार करायच्या दांडीमुळे.

प्रश्न: माझ्याकडे .२२ स्पोर्ट पिस्तूल आहे, लायसन्सचं. भाचा अमेरिकेहून येतोय, बॅगेत मॅच (स्पर्धेची) बॅरल आणतो म्हणतो. चालेल का?
– एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर: नाही भाऊ, आजच फोन करून थांबवा त्याला. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये शस्त्राचे पार्टही शस्त्रातच मोजतात, नुसती बॅरल असली तरी परवानगीशिवाय आणणं गुन्हा आहे आणि विमानतळावर पोरगं अडकेल. एअर पिस्तुलाला लायसन्समधून जी सूट आहे ती .२२ ला नाही. राज्य रायफल असोसिएशनकडे आणि पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, रीतसर मार्ग तिथूनच निघतो.