‘शाम्पू करणे’ आणि ‘चाँपो’

‘सोफा शाम्पू करून मिळेल’ अशी पाटी वाचून एका वाचकाने विचारले आहे की, शाम्पू हा जर केसांचा साबण, तर सोफा ‘शाम्पू’ कसा करता येईल? वापर चुकीचा नाही. गालिचे आणि कोच धुण्याच्या अर्थाने हे क्रियापद इंग्रजीत १९५४ पासून नोंदलेले आहे.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. बाटलीतला पदार्थ आधी आला आणि त्यावरून क्रियापद झाले, असे बिनदिक्कत सांगितले जाते. क्रम नेमका उलटा आहे. इंग्रजीत १७६२ मध्ये आलेल्या या क्रियापदाचा अर्थ अंग रगडणे, चेपणे असा होता, आणि केस धुण्याचा अर्थ त्याला १८६० च्या सुमारास चिकटला. पाटण्यात जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडमधल्या ब्रायटनला बाष्पस्नानगृह चालवत. त्यांनी १८२२ साली ‘शाम्पूइंग’वर पुस्तक लिहिले, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांचे ते ‘शाम्पूइंग सर्जन’ होते, ते अंगमर्दनासाठी.

मूळ क्रियापद हिंदीतले ‘चाँपना’, म्हणजे दाबणे. इंग्रजांनी उचलले ते त्याचे आज्ञार्थी रूप, ‘चाँपो’. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हेच सांगितले, पण ‘बहुधा’ म्हणून हात राखला, आणि तो ‘बहुधा’ मला अजिबात पटत नाही. परभाषा कानाने शिकणाऱ्याला क्रियापद भेटते ते हुकमाच्या रूपात. माझ्या आजीच्या तोंडून ‘चेपणे’ हे रूप मी कधी ऐकले नाही. दिवेलागणीला घोंगडीवर आडवी होऊन ती म्हणायची, ‘चेप रे जरा, पोटरीत गोळा आलाय’, आणि कोणी परका शेजारी बसला असता तर तो ‘चेप’ एवढेच घेऊन गेला असता.

चाफ्याच्या सुगंधी तेलाशी या शब्दाचे नाते जोडणाऱ्यांनी तर अर्थाकडे पाहिलेलेच नाही. चाफा हे नाम; त्यातून शब्द निघाला असता तर इंग्रजीत आधी तेलाचे नाव यायला हवे होते, पण आली ती दाबण्याची क्रिया. नाते शोधायचेच तर ते डोक्याच्या ‘चंपी’शी आहे, आणि मराठीत आपण सामान ‘चापून’ भरतो त्या ‘चापणे’शी; ‘चेपणे’ही त्याच कुळातले असावे, असे माझे मत आहे.