तिसऱ्या दिवशी गुडघे मोकळे, सहा महिन्यांनी तोंड सुजलं

प्रश्न : ताई, आईचे गुडघे चार वर्षं दुखतायत. ओळखीतल्या कोणीतरी हर्बल पावडर आणून दिली, साइड इफेक्ट अजिबात नाही म्हणे. खरंच तिसऱ्या दिवशी ती जिना चढली! पण आता सहा महिने झाले, तोंड गोल सुजल्यासारखं दिसतंय, कधी नव्हती ती शुगर निघालीय आणि पावडर दोन दिवस चुकली की गळूनच जाते. उद्यापासून बंद करू का?
– एक वाचक

उत्तर : एकदम बंद करू नका, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला स्टेरॉइडची दाट शंका येतेय. अशा पावडरींत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड गुपचूप मिसळलेलं तपासणीत कितीदा तरी सापडलंय, डबीवर त्याचं नाव नसतं. आराम खोटा नसतो हो, सूज खरंच उतरते, म्हणून तर माणूस विश्वास ठेवतो. 1948 साली फिलिप हेंच या डॉक्टरांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली, 1950 मध्ये या कामाला नोबेलही मिळालं, पण पुढे जास्त दिवस दिल्यावर चेहरे सुजणं, हाडं ठिसूळ होणं सगळं दिसायला लागलं. आणि ते तर डॉक्टर मोजून देत होते! आईच्या चमच्यात रोज किती जातंय?

आता एकदम का नाही, तर किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात, बाहेरून आयतं मिळत राहिलं की त्या काम थांबवतात, मग अचानक तोडलं तर बीपी पडतं, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आजच डॉक्टर गाठा, उरलेल्या पावडरसकट डबी सोबत न्या. ते सकाळचं कॉर्टिसॉल तपासतील, डोस हळूहळू उतरवतील. पावडर देणारा म्हणेल अंगातली घाण बाहेर पडतेय, तर ऐकू नका.

गुडघ्यांची झीज असेल तर ती कुठल्याच पावडरने भरून येत नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, आणि वजन जास्त असेल तर 1 किलो उतरलं तरी चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने हलका होतो. याला महिने लागतात, हे आईला आधीच सांगा. आणि तिला रागावू नका प्लीज, चार वर्षं दुखणं काढलंय तिने.