स्प्लीनला मार, एम्बोलायझेशन आणि अडकलेली सीडी

तुमच्या मामेभावाचं वाचलं. ठाणे-बेलापूर रोडवर बाइक घसरली, डाव्या बरगड्या मोडल्या, सीटीत स्प्लीनला (प्लीहेला) ग्रेड ३ ची इजा (पाचपैकी तिसरी पातळी), बीपी टिकून आहे. डॉक्टर म्हणतात पुन्हा ब्लीडिंग झालं तर एम्बोलायझेशन (धमनीत बारीक नळी घालून गळणारी जागा आतून बंद करणं) करू, आणि घरची मोठी माणसं म्हणतात, ‘स्प्लीन काढा, विषय संपवा.’ आमच्याही घरात अगदी हेच वाद झाले होते. धाकट्या भावाला घोडबंदर रोडवर ट्रकने उडवलं होतं. त्याचं स्प्लीन नाही, पेल्व्हिस (ओटीपोटाभोवतीचं हाड) मोडलं होतं, पण प्रश्न तोच, ऑपरेशन की एम्बोलायझेशन.

मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या ट्रॉमा टीमचाच. तरी बीपी टिकून असेल तर स्प्लीन काढायची घाई नको, असं माझं ठाम मत आहे. काढलं की न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस या जंतूंविरुद्धच्या लशी घ्याव्या लागतात आणि गंभीर जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर मागे लागतो. मात्र रक्त चढवूनही बीपी सावरत नसेल आणि पोटात रक्त भरत असेल, तर थेट ऑपरेशन थिएटर. तिथे एम्बोलायझेशनचा हट्ट धरू नका.

रिपोर्टमध्ये ‘ब्लश’, ‘एक्स्ट्राव्हॅझेशन’ (दोन्ही म्हणजे रक्तवाहिनीबाहेर गळती) किंवा ‘स्यूडोअ‍ॅन्युरिझम’ (इजा झालेल्या धमनीला आलेला फुगा) यातलं काही लिहिलंय का, ते आजच बघा. २०१८ च्या सुधारित ग्रेडिंगप्रमाणे रक्तवाहिनीला अशी इजा दिसली तर ग्रेड किमान ४ होते. शब्द आणि ग्रेड जुळत नसतील तर सरळ विचारा. स्यूडोअ‍ॅन्युरिझम काही दिवसांनीही फुटू शकतो, त्यामुळे सीटी पुन्हा कधी करणार, हेही विचारा.

आता ज्याचा आम्हाला सगळ्यात जास्त फटका बसला ते सांगतो. पहिल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी काम चोख केलं. बाइंडर (मोडलेलं पेल्व्हिस आवळून धरणारा पट्टा) कमरेला न बांधता नीट खुब्याच्या पातळीवर बांधला, रक्त सुरू केलं, सीटी काढला. सीटीवर डाव्या बाजूला पांढरा ठिपका, म्हणजे सीटीसाठी शिरेतून दिलेला डाय धमनीबाहेर सांडत होता. पण रात्री एम्बोलायझेशन करणारं तिथे कुणी नव्हतं. दुसरीकडे हलवायचं ठरलं, अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी, आणि बिलिंग काउंटर म्हणतो फायनल बिल झाल्याशिवाय सीटीच्या फोटोंची सीडी मिळणार नाही. फायनल बिलाला फार्मसीचं क्लिअरन्स हवं, आणि फार्मसीचा माणूस जागेवर नाही. वडील कार्ड हातात धरून उभे, ‘आधी कापा पैसे, हिशेब सकाळी करा’ म्हणतायत, आणि काचेपलीकडून एकच उत्तर, ‘सिस्टम घेत नाही.’ शेवटी सहीसुद्धा नसलेला एक प्रोव्हिजनल रिपोर्ट घेऊन निघालो. त्यात ‘डाव्या बाजूला ब्लीडिंग’ एवढंच. धमनीच्या कुठल्या शाखेतून, ते फोटोंशिवाय कळायला मार्ग नाही. नव्या ठिकाणी सीटी पुन्हा काढावा लागला. रक्त वाहत असताना तो वेळ गेला आणि डायचा दुसरा डोस शरीरात गेला. पुढे क्रिएटिनिन (किडनीवर ताण आल्याची खूण) वाढलं. फक्त डायमुळेच वाढलं असं मी म्हणणार नाही, पण तो डोस टळला असता हे नक्की. मेडिकल कौन्सिलच्या नियमात मागितल्यावर रेकॉर्ड द्यायला ७२ तासांची मुदत आहे. रक्त वाहणाऱ्या माणसाने ७२ तासांचं काय करायचं? अजूनही आठवलं की संताप होतो.

म्हणून सीडी किंवा सीटीच्या फोटोंची लिंक आत्ताच मागून ठेवा, पेशंट स्थिर असताना.

आणि दुसरा प्रश्न, ‘रात्री दोन वाजता गरज पडली तर इथे एम्बोलायझेशन कोण करणार?’ ‘कॅथलॅब आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. बऱ्याच कॅथलॅब हृदयाच्या अँजिओप्लास्टीसाठी चालतात. तुम्हाला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (नळीतून असे उपचार करणारा डॉक्टर) हवा, आणि तो किती वेळात पोहोचतो तेही कळायला हवं. उत्तर गोलमाल आलं तर आजच हलवण्याबद्दल बोला. ब्लीडिंग सुरू झाल्यावर महापे-रबाळ्याच्या ट्रॅफिकमधून नेणं फार वाईट. हलवायचं झालं तर इथल्या डॉक्टरांनी तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्याशिवाय निघू नका. नातेवाइकांनी फोनवर बेड मिळवला म्हणजे रक्त आणि टीम तयार असते असं नाही.

प्रोसिजरला मात्र घाबरू नका. जांघेत भूल देऊन बारीक नळी धमनीत घालतात. भावाच्या वेळी डॉक्टरांनी नंतर स्क्रीन दाखवली. आधीच्या फोटोत धमनीबाहेर पसरलेला काळा डाग, जेलफोम (स्पंजसारखा पदार्थ) आणि कॉइल (बारीक धातूची गुंडाळी) टाकून धमनी बंद केल्यावरच्या फोटोत तो गायब. नंतर काही तास पाय सरळ ठेवावा लागतो. स्प्लीनच्या एम्बोलायझेशननंतर थोडा ताप आणि डाव्या कुशीत दुखणं बऱ्याच जणांना होतं म्हणतात, पण ताप चढत गेला तर लगेच सांगा. कॉइलचा स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा, पुढे एमआरआयच्या वेळी विचारतात.

खर्चाचं म्हणाल तर रस्ते अपघातासाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून ७ दिवस, १.५ लाखांपर्यंत. पोलिसांत अपघाताची नोंद लागते आणि हॉस्पिटल योजनेत असावं लागतं. नोंद झाली नसेल तर घरातल्या एकाला आजच पोलीस स्टेशनला पाठवा. सीटीच्या रिपोर्टमधली शेवटची ‘इम्प्रेशन’ची ओळ इथे टाकलीत, नाव झाकून, तर डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते सांगू शकेन.