मँचेस्टरला जाताय?

प्रश्न : लेक मँचेस्टरला शिकते. नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. काय पाहावं, खरेदी कुठे करावी?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आधी डीन्सगेटवरचं जॉन रायलँड्स ग्रंथालय पाहा. १९०० साली वाचकांसाठी उघडलं, प्रवेश मोफत. वाचनकक्षाच्या उंच दगडी कमानींखाली भरदुपारीही मंद उजेड असतो, बोलणं आपोआप हळू होतं. नाशिकच्या आपल्या ‘सावाना’त (सार्वजनिक वाचनालयात) वाढलेल्या माझ्यासारखीचा तिथून पाय निघत नाही!

खरेदीला मार्केट स्ट्रीट आणि त्याला लागूनच अर्नडेल मॉल. पण रविवारी मोठ्या दुकानांना सहाच तास परवानगी असते, संध्याकाळी पाच-सहाला शटर खाली. आपल्या नाशिकच्या मेन रोडसारखं रात्रीपर्यंत हिंडू म्हणाल तर जमणार नाही. शिवाय दुकानातून सोबत आणलेल्या मालावरचा व्हॅट पर्यटकांना २०२१पासून परत मिळत नाही. कुणी जुन्या आठवणीवर सांगितलं तरी तो हिशेब धरू नका.

नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास अंधारतं, म्हणून बघायचं ते सकाळी, दुकानं नंतर. जेवायला विल्म्सलो रोडवर जा, आपल्याकडची चव मिळेल. आणि पावसाचं जाकीट हातपिशवीतच ठेवा, बॅगेत तळाशी नको.