सुटी गोळी आणि घरातला नियम

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दहावीत आहे. शाळेतून फेंटानिल या अतितीव्र वेदनाशामक अमली पदार्थाबद्दल पत्र आलं, घरात त्यावरचा उतारा म्हणून नार्कन ठेवा असंही त्यात आहे. मुलगा म्हणतो, 'मी ड्रग्ज घेत नाही, मला कशाला सांगतेस?' काय बोलू? – एक आई, एडिसन

उत्तर : ताई, मुलगा खरंच बोलत असेल. तरीही सांगाच. फेंटानिलने दगावलेल्या कित्येक मुलांना आपण फेंटानिल घेतोय हे ठाऊकच नव्हतं. अभ्यासाला जागायचं म्हणून अ‍ॅडरॉल, झोपेसाठी झॅनॅक्स, दुखतंय म्हणून पर्कोसेट, असं समजून मित्राकडून किंवा स्नॅपचॅटवरून एक गोळी घेतली, एवढंच. नकली गोळीचा रंग, आकार, वरची छाप सगळं हुबेहूब असतं. फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र; २ मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढी पूड, जीव घेऊ शकते. ती पूड गोळ्यांत सारखी मिसळत नाही. एका गोळीत नावाला असते, शेजारच्या गोळीत मरणाची मात्रा. 'मित्राने घेतली, त्याला काही झालं नाही' हा हिशेब म्हणूनच फसतो.

आपल्या घरांतली एक सवय इथे नडते. डोकं दुखलं की मावशी पर्समधून गोळी काढून देते, आणि ओळखीच्या हातातली गोळी चालते हे मुलाच्या मनात बसतं. भारतात निदान पाकिटावर नाव आणि एक्सपायरी छापलेली असते. अमेरिकेत औषधाच्या दुकानातूनही गोळ्या बाटलीत सुट्याच मिळतात, त्यामुळे सुटी गोळी पाहून त्याला शंकाच येणार नाही. नियम अख्ख्या घराला लावा: स्वतःच्या नावाच्या बाटलीतली किंवा दुकानातून सीलबंद आणलेलीच गोळी घ्यायची. आजोबांनाही तोच नियम. आणि मुलाला शब्द द्या, की 'न्यायला ये' एवढा मेसेज आला तर त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही.

आता नार्कन. हा नाकात मारायचा, नॅलोक्सोन या फेंटानिलचा असर उतरवणाऱ्या औषधाचा ४ मिलिग्रॅमचा फवारा. २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो. न्यू जर्सीत तर १४ वर्षं किंवा त्याहून मोठ्या कुणालाही राज्याच्या योजनेतल्या औषध दुकानांत नाव न सांगता फुकट मिळतो. घरातच ठेवा, उन्हात तापणाऱ्या गाडीत नको.

फेंटानिलची मात्रा जास्त झाली की माणूस गाढ झोपलाय, घोरतोय असं वाटतं आणि तिथेच वेळ जातो. घशातली गुरगुर, अडखळता श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या ही खरी खूण. आपल्या सावळ्या रंगावर निळेपणा पटकन दिसत नाही; ओठांच्या आतली बाजू आणि नखं राखाडी पडलीत का ते बघा. मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. जागा होत नसेल तर लगेच ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन. उताणा झोपवून मान मागे करा, एका नाकपुडीत टोक पूर्ण आत घालून दांडा दाबा. 'चालतो का बघू' म्हणून आधी हवेत मारू नका, आत एकच मात्रा असते. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने दर ५ सेकंदांनी एक श्वास द्या. २-३ मिनिटांत फरक नाही पडला, तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा आणि सोडून जाऊ नका: नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, फेंटानिल त्याहून जास्त वेळ टिकू शकतं. कारण दुसरंच निघालं तरी फवाऱ्याने इजा होत नाही.

पोलिसांच्या भीतीने मुलं ९११ लावत नाहीत. अशा वेळी मदत मागणाऱ्याला न्यू जर्सीचा २०१३ चा कायदा अमली पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यातून संरक्षण देतो. हे त्याला नक्की सांगा.

प्रश्न : पुण्यात वडिलांना कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी) दिलाय. काढून टाकू का? – एक वाचक

उत्तर : नाही. डॉक्टरांनी मोजून दिलेलं ते औषध आहे, परस्पर बंद करू नका. पॅच साधारणपणे ७२ तासांनी बदलतात. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका; उष्णतेने औषध भराभर अंगात उतरतं. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं, आणि रांगत्या नातवंडाने तो तोंडात घातला तर जिवावर बेतेल. चिकट बाजू आत घेऊन घडी करा आणि विल्हेवाट कशी लावायची ते डॉक्टरांना विचारा. उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.